हापशाच्या पाण्यातले स्फटिक

माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे. या रासायनिक क्रियेसाठी हिंगोली जिल्ह्यातल्या अमुक गावच्या बौद्धवाड्यातील हातपंपाचे पाणी वापरले, असं ते साधं वाक्य आहे. ते काढून टाका, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. मी काढलं नाही. आज कुणी मला चांगलं म्हणो की हट्टी म्हणो, ती गोष्ट जशी झाली तशी सांगते.

आमच्या वाड्यातल्या हापशाच्या पाण्यात डाळ शिजत नसे. तूरडाळ सकाळी चुलीवर ठेवली तरी दुपारी दाताखाली दाणा लागायचाच. साबणाला फेस नाही, चहाला रंग नाही, आणि पाणी तापवायच्या भगुन्याच्या तळाशी पांढरा थर, तो माय विळ्याच्या टोकानं खरवडून काढायची. पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, आम्ही जड पाणी म्हणायचो. ओढ्याच्या पलीकडे, मूळ गावात, गोड पाण्याची विहीर होती. त्या पाण्यात डाळ किती मऊ होते ते मला शाळेत मैत्रिणीच्या डब्यातून कळलं. घरी येऊन मी मायला म्हटलं की तुला डाळ करता येत नाही, आणि पाठीत धपाटा खाल्ला.

आमचं गाव वसमतजवळच्या हट्ट्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. नाव लिहीत नाही, कारण अशी गावं शोधायला फार लांब जावं लागत नाही. विहिरीवर आम्हाला बंदी होती असं तिथलं कुणीही म्हणणार नाही. कायदा सगळ्यांना पाठ होता. नव्वदच्या दशकात आमच्याकडे हापसा आला तेव्हा गावातले लोक म्हणाले, बरं झालं, तुमची सोय झाली. सोय कुणाची झाली ते आम्हाला कळत होतं.

माय नवी नवरी असताना एकदा घागर घेऊन त्या विहिरीवर गेली होती. ती पोहरा आत सोडणार एवढ्यात कुणीतरी रहाटावरचा दोर काढला, गुंडाळला आणि घरी नेला. शिवी नाही, भांडण नाही, काही नाही. माय रिकामी घागर घेऊन परत आली. त्यानंतर तिनं त्या विहिरीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. "त्यांच्या पाण्याला मी हात लावणार न्हाई," हे ती भाकरी थापता थापता सांगायची, कुणी विचारलेलं नसलं तरी. माझा राग मी तिच्याकडूनच घेतला आहे. फक्त तिचा गप्प बसणारा आहे आणि माझा बोलणारा.

एम.एस्सी. झाल्यावर मला वसमतला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. पीएच.डी.ला नाव नोंदवलं ते विद्यापीठात, पण प्रयोग करायचे ते वसमतच्याच प्रयोगशाळेत, कारण तास सोडून मला कुठे जाता येणार होतं? मार्गदर्शक सर शहरातले, हुशार, तोंडानं फटकळ. विषय त्यांनीच दिला. तेव्हा जगभर नुकताच गाजायला लागलेला विषय होता, धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या चौकटी.

मी मायला तो असा समजावला होता. लग्नाचा मांडव घालतात ना, तसं. धातूचे अणू म्हणजे गाठी आणि सेंद्रिय आम्ल म्हणजे बांबू. बांबूंना दोन्ही टोकांना, कधी चारी बाजूंना, गाठ धरायला हात असतात. सगळं नीट बांधलं गेलं की आत पोकळी राहते, आणि खरी किंमत त्या पोकळीची. वायू साठवायचा म्हणा, विषारी काही शोषून घ्यायचं म्हणा, ते आत बसतं. माय म्हणाली, "मांडवात माणसं किती बसत्यात तेच बघत्यात लोक, बांबू कोण मोजतंय." माझ्या पहिल्या प्रकरणाची प्रस्तावना यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

मांडव दिसायला मात्र हवा. त्यासाठी स्फटिक लागतो, डोळ्याला दिसेल एवढा, आत तडा नसलेला. त्याच्यावर क्ष-किरण टाकले की कुठला अणू कुठे बसलाय ते कळतं. भुगा झाला तर काहीतरी झालंय एवढंच कळतं, काय झालंय ते नाही. माझा सगळा भुगाच व्हायचा. चार हातांचं आम्ल मी स्वतः तयार करायची, ते जस्ताच्या क्षारासोबत पाण्यात घालायची, पोलादी डबीत झाकण आवळून ओव्हनमध्ये ठेवायची. मग लोडशेडिंग. लाइट गेली की ओव्हन थंड, आली की पुन्हा गरम. डबी उघडली की तळाशी पांढरं पीठ. ते कागदाच्या पुडीत घेऊन मी विद्यापीठात जायची, आणि सर पुडी न उघडताच बाजूला ठेवायचे.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" एकदा ते म्हणाले. "मॅडम, वसमतला हळद पिकते. हे काम तिथे होणार नाही. सोपा विषय घ्या आणि मोकळ्या व्हा."

त्या दिवशी मी एस.टी.त बसले ती दात ओठ खात. हळद पिकते म्हणे! जिथे हळद पिकते तिथे स्फटिक व्हायला कुणी मनाई केली आहे का? मी विषय बदलला नाही.

आता कॅनचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉलेजात डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफेपासून केलेलं शुद्ध पाणी, विकत यायचं. बॅटरीच्या दुकानात मिळतात तसे पांढरे प्लास्टिकचे कॅन, घट्ट झाकणाचे. रिकामा झाला की मी घरी न्यायची. आमच्या वाड्यात घरोघरी हे कॅन होते, काही माझ्यामुळे, काही ट्रॅक्टरवाल्यांकडून मिळालेले. कागदी लेबल कुणी काढत नसे, लेबलाचा कॅन म्हणजे चांगला कॅन असा समज होता. उन्हाळ्यात वसमतला नळ कधी यायचा त्याचा भरवसा नव्हता, म्हणून सुट्टीला घरी गेले की माय असाच एक कॅन हापशावर भरून माझ्याबरोबर द्यायची. कंडक्टर कुरकुरायचा, "मॅडम, पाणी बी गावाकडून?" मी म्हणायची, तिकीट काढू का त्याचं?

एका उन्हाळ्यात असा भरलेला कॅन मी उतरल्या उतरल्या प्रयोगशाळेत आणला, कारण तास होता, आणि टेबलाखाली ठेवला. संध्याकाळी खोलीवर घेऊन गेले. त्या आठवड्यात खोलीवर डाळ अशी झटपट शिजायला लागली की मीच चकित. वाटलं, नवीन स्टोव्हचा गुण. त्याच आठवड्यात मी डबी उघडली आणि आत भुगा नव्हता.

खडीसाखरेचा चुरा असावा तसे, लांबट, लखलखीत स्फटिक होते. वनस्पतीशास्त्र विभागाचा सूक्ष्मदर्शक मागून आणला. काचेसारखे आरपार, कडा सरळ. प्रयोगशाळेच्या शिपाई मामांना मी हाक मारली आणि बघायला लावलं. ते एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे तर दागिन्यातल्या खड्यावानी हाय." मला रडू आलं, लाज न वाटता रडले.

स्फटिक मोठ्या संस्थेत तपासायला गेले. तिथून अहवाल यायला पाऊस संपला. रचना नवी होती, कुणीच आधी न पाहिलेली. पण एक गोष्ट मी घातलीच नव्हती. जस्ताच्या प्रत्येक गाठीशेजारी कॅल्शियम बसला होता, आणि त्याच्यामुळेच सगळा मांडव उभा होता. कॅल्शियम आला कुठून?

सरांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला. "कंटॅमिनेशन. तुम्ही घाण पाणी वापरलंय."

घाण हा शब्द मी तिथेच गिळला, पण तो आत बसला. परतीच्या एस.टी.त खिडकीला डोकं टेकवून मी विचार करत होते आणि अचानक ती डाळ आठवली. जड पाण्यात डाळ का शिजत नाही, तर त्यातला कॅल्शियम डाळीला घट्ट धरून ठेवतो. मग त्या आठवड्यात माझी डाळ शिजली कशी? वसमतला उतरले ती सरळ मामांकडे गेले.

"व्हय की," मामा म्हणाले. "तुमच्या टेबलाखाली एक भरलेला कॅन हुता, लेबलवाला. खाली काहून ठिवलाय म्हणून मी वर फळीवर ठिवला. आन् नवा आलेला तिथं खाली ठिवला. काय झालं? तकलीफ झाली का काही?"

तकलीफ! आठवडाभर मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये डाळ शिजवली होती आणि हापशाच्या पाण्यात विज्ञान. मी एवढी हसले की मामा घाबरले.

सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. रचना नवी आहे, टाकून द्यायला नको. असं लिहा, कॅल्शियम नायट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर. कोण करून बघणार आहे?"

मी करून बघितलं. शुद्ध पाणी, बाटलीतला कॅल्शियम, हवं तितकं मोजून. भुगा. पुन्हा भुगा. घरून हापशाचं पाणी आणलं, स्फटिक. पुन्हा आणलं, पुन्हा स्फटिक. पुढे कळलं की आमच्या पाण्यात नुसता कॅल्शियम नसतो, बायकार्बोनेटही असतं, भगुन्याच्या थराचं मूळ तेच. ते आम्लाचे हात हळूहळू मोकळे करतं, घाई करत नाही, म्हणून मांडव नीट बांधला जातो. पण त्या वेळी मला एवढंच ठाऊक होतं की ज्या पाण्यात हे खरंच होतं ते पाणी आमचं आहे.

मी विद्यापीठात गेले आणि सरांसमोर कच्चा प्रबंध ठेवला. त्यांनी ते वाक्य वाचलं, त्याच्याखाली लाल रेघ मारली.

"हातपंप? बौद्धवाडा? मॅडम, हा रसायनशास्त्राचा प्रबंध आहे, जनगणना नाही. परीक्षक हसतील. असा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही."

"हसू देत, सर. दुसऱ्या पाण्यात होत नाही."

"दुसऱ्या म्हणजे कुठल्या?"

"डिस्टिल्डमध्ये नाही. वसमतच्या नळाच्या पाण्यातही नाही."

"ते शहराचं पाणी झालं." ते खुर्चीत मागे रेलले. "त्याच गावातलं, त्याच खडकातलं दुसरं पाणी घ्या. गावात दुसरी विहीर असेल की. कंट्रोल, म्हणजे अशी तुलनेची चाचणी, केल्याशिवाय हे वाक्य मी मान्य करणार नाही. आणून बघा, मग बोलू."

बिचाऱ्यांनी शास्त्र म्हणून बरोबरच मागितलं होतं. आपण काय मागतोय ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. हो म्हटलं आणि उठले. नोंदणीची मुदत संपत आली होती. विहिरीचं पाणी आणलं नसतं तर एकतर वाक्य गेलं असतं, नाहीतर पदवी.

घरी जाऊन मायला सांगितलं. ती हळद निवडत होती, हात थांबले.

"आपलं पाणी हाय की. तिकडं काहून जाती?"

"तपासायला लागतं, माय."

"डाळ न्हाई शिजली इतकी वर्सं, पर त्यांच्या दारात गेले न्हाई मी. आन् तू आता कॅन घिऊन जाणार?"

"मागायला नाही जात. घ्यायला जाते. विहीर ग्रामपंचायतीची आहे."

"मला नको शिकवू कुणाची हाय ते." ती चिडली, मीही चिडले. तिनं त्या विहिरीला हात न लावण्यात आपला मान ठेवला होता, आणि मी तिला तिथेच न्यायला निघाले होते. दोघींचंही बरोबर होतं, म्हणून भांडण संपेना. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं की मी एकटी जाते, आणि चपला घातल्या. ओढ्यापर्यंत गेले असेन, मागून पायांचा आवाज आला. माय येत होती, डोक्यावर पदर घट्ट घेतलेला, खांद्यावर स्वतःचा दोर, हातात पोहरा.

"त्यांचा दोर न्हाई लागणार आपल्याला," ती म्हणाली.

भर दुपारी नाही, संध्याकाळी नाही. सकाळी, सगळ्या बायका पाण्याला येतात त्या वेळेला आम्ही गेलो. तीच वेळ मी ठरवून निवडली होती. चोरासारखं जायचं असतं तर गेलेच नसते. बायका बाजूला झाल्या, बोलणं थांबलं. अडवलं कुणी नाही. काळ बदललाय असं म्हणतात ते एवढंच, की आता नुसतं बघतात. मायनं आपला दोर रहाटावर टाकला. गाठ तिनं एकदाच मारली आणि पक्की मारली.

विहिरीसमोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे बसायचे, गावात त्यांना मान होता. ते तिथूनच म्हणाले, "काय गं, तुमचा हापसा बंद पडला का?"

माय पोहरा ओढत होती. तिनं मान वर केली नाही. "हापसा चालू हाय. आमी प्यायला न्हाई आलो. तपासायला आलोय."

"तपासायला? काहून? काय झालं आमच्या पाण्याला?"

"ते पोरगी सांगंल. तिची मशीन हाय वसमतला."

मशीन कसली, एक गंजका ओव्हन आणि पोलादी डबी. मी कॅन भरला, झाकण लावलं, आणि लेबलावर पेनानं मोठ्या अक्षरात 'गावची विहीर' लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. मायनं आपला दोर काढून गुंडाळला आणि खांद्यावर टाकला. तेव्हा त्यांनी गुंडाळला होता तसाच, सावकाश गुंडाळला.

गोड्या पाण्यात भुगा झाला. दोनदा केलं, तीनदा केलं. शेजारच्याच डबीत, त्याच ओव्हनमध्ये, त्याच लोडशेडिंगमध्ये आमच्या पाण्यातले स्फटिक लखलखत होते. दोन्हींचे फोटो घेऊन मी सरांपुढे ठेवले. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिले. मग प्रबंध ओढून घेतला, लाल रेघेच्या खाली टिंबं टिंबं काढली, म्हणजे राहू द्या, आणि म्हणाले, "गावाचं नाव पूर्ण लिहा. जिल्हा पण." मनानं ते न्यायी होते, हे मी मान्य करते. पण त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मी वाक्य काढलं नसतं.

निकाल सांगायला मी घरी गेले तेव्हा गावात वेगळंच सुरू होतं. मॅडमनं विहिरीचं पाणी वसमतला नेलंय, त्यात काहीतरी सापडलंय, अशी आवई उठली होती. लोक पाणी उकळून पीत होते. मी पोचून चहा घेतेय तोवर ओट्यावरचे ते म्हातारे ओढा ओलांडून आमच्या वाड्यात आले. माझ्या उभ्या जन्मात त्यांना मी आमच्या बाजूला पाहिलं नव्हतं. ते दाराबाहेर उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी आत या म्हटलं, ते आले नाहीत.

"पोरी, काय निघालं आमच्या पाण्यात?"

मी खरं तेच सांगितलं. "आबा, काही नाही निघालं. प्यायला चांगलं आहे, निर्धास्त प्या. फक्त माझ्या कामाचं नाही. त्यात काही होत नाही."

"म्हंजे?"

माय आत चुलीपुढे होती. डाळ चढवलेली होती, हापशाच्या पाण्यातली, अजून टणक. ती उठून दारात आली, हात पदराला पुसत.

"म्हंजे नापास," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी वळून वाड्याच्या मधोमध असलेल्या आमच्या हापशाकडे पाहिलं.

"आन् तुमचं?"

"आमचं पास," माय म्हणाली. "पुस्तकात छापलंय, वाड्याच्या नावासकट."